वाचकांचे प्रश्न : सेंट्रिफ्यूजचा सुरक्षित वापर आणि निगा

प्रश्न : तालुक्याच्या ठिकाणी आमची छोटी पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आहे. आमच्या सेंट्रिफ्यूजच्या (नळ्या वेगाने फिरवून नमुन्यातील घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) रेग्युलेटरवर १ ते १० असे आकडे आहेत आणि आम्ही सर्व नमुने ‘सहावर दहा मिनिटे’ याच हिशेबाने फिरवत आलो आहोत. रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी नुकत्याच घेतलेल्या किटच्या माहितीपत्रकात मात्र ‘१५०० जी, १५ मिनिटे’ असे लिहिले आहे. हा ‘जी’ आमच्या यंत्रावर कसा लावायचा?
— प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जि. सोलापूर

उत्तर : रेग्युलेटरवरचा ‘सहा’ हा आकडा बटण कुठे आहे एवढेच सांगतो; त्या वेळी नळीतील रक्तावर किती बल पडत आहे, याचा त्याच्याशी ठरावीक संबंध नसतो. माहितीपत्रकातील ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बल नमुन्यावर पडले पाहिजे याचे माप असून त्यालाच आरसीएफ म्हणतात. हे बल दोन गोष्टींवर ठरते : मिनिटाला होणारे फेरे आणि फिरण्याची त्रिज्या. त्याचे सूत्र असे आहे : आरसीएफ = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटरमध्ये) × फेऱ्यांच्या संख्येचा वर्ग. त्रिज्या मोजताना मधल्या दांड्याच्या केंद्रापासून नळीच्या तळापर्यंतचे आडवे अंतर घ्यावे, आणि रोटर, म्हणजे नळ्या धरून फिरणारा भाग, झुलत्या बकेटचा (नळ्या ठेवण्याच्या झुलत्या डब्यांचा) असेल तर बकेट हाताने आडवी उचलून धरून मगच मोजावे, कारण फिरताना ती त्याच स्थितीत असते.

आता हिशेब पाहा. त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर १५०० जी मिळवण्यासाठी मिनिटाला सुमारे ३००० फेरे लागतात. त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर त्याच ३००० फेऱ्यांना जेमतेम १००० जी मिळतात, आणि १५०० जी हवे असतील तर वेग सुमारे ३६६० फेऱ्यांपर्यंत न्यावा लागतो. म्हणूनच शेजारच्या प्रयोगशाळेतील वेग आपल्या यंत्रावर जसाच्या तसा उचलू नये. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग दहा टक्क्यांनी घटला तर बल जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटते. साध्या रेग्युलेटरच्या यंत्रांचा वेग विजेच्या दाबावर अवलंबून असतो. ज्या गावात संध्याकाळी दाब उतरतो तिथे सकाळचा ‘सहा’ आणि संध्याकाळचा ‘सहा’ एक राहत नाही. चांगला स्टॅबिलायझर हा यावरचा पहिला उपाय आहे.

वेग प्रत्यक्ष मोजण्यासाठी प्रकाशकिरणांवर चालणारा टॅकोमीटर मिळतो. रोटरच्या मध्यभागी चमकणाऱ्या पट्टीचा छोटा तुकडा चिकटवायचा, झाकण बंद करायचे आणि झाकणातील पारदर्शक खिडकीतून वेग वाचायचा. झाकणाला अशी खिडकी नसेल तर झाकण उघडे ठेवून मोजण्याचा मोह टाळावा आणि हे काम सेवा अभियंत्याकडून करून घ्यावे. रेग्युलेटरच्या प्रत्येक आकड्याला किती फेरे आणि किती जी पडतात याचा तक्ता करून यंत्राजवळच्या भिंतीवर लावावा. एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर वेग आणि टायमर यांच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) लेखी नोंद लागतेच. पण प्रमाणपत्राचा विचार नसला तरी वर्षातून एकदा ही तपासणी करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

गोठण्याच्या तपासणीत हा आकडा विशेष महत्त्वाचा आहे. सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीतील प्लाझ्मामध्ये, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर राहणाऱ्या द्रवात, प्लेटलेट्स (रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी) प्रति मायक्रोलिटर १०,००० पेक्षा कमी उरल्या पाहिजेत. बल कमी पडले तर त्या जास्त उरतात आणि पुढच्या निष्कर्षावर त्याचा परिणाम होतो. प्लाझ्मा वेगळा केल्यावर अधूनमधून त्यातील प्लेटलेट्स मोजून पाहाव्यात; आपले यंत्र नीट काम करत आहे की नाही, हे कळण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे.

प्रश्न : आमचे यंत्र सुरू केल्यावर हादरते आणि कधी कधी टेबलावरून सरकतेही. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीपर्यंत भरलेल्या नळ्या ठेवूनही असे का होते?
— डीएमएलटीची (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान पदविकेची) विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : सारखी उंची म्हणजे सारखे वजन, हे गृहीत धरल्यामुळे. समोरासमोरच्या नळ्या वजनाने जुळल्या पाहिजेत. एकीकडे काचेची आणि दुसरीकडे प्लास्टिकची नळी, एकीकडे जेल असलेली आणि दुसरीकडे नसलेली, एकीकडे रक्त आणि दुसरीकडे पाणी अशा जोड्या उंचीने सारख्या दिसल्या तरी वजनाने सारख्या नसतात. १५०० जी बलाला एका ग्रॅमचा फरक दीड किलो वजनाच्या ओढीइतका होतो आणि ही ओढ सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत मधल्या दांड्यावर आदळत राहते. बेअरिंग खराब होणे, दांडा वाकणे आणि यंत्र सरकणे या सर्वांचे मूळ तिथेच असते. प्रयोगशाळेत एक साधा वजनकाटा ठेवावा, नळ्या टोपणासह तोलाव्यात आणि नमुन्यांची संख्या विषम असेल तेव्हा त्याच प्रकारच्या नळीत पाणी घालून जोडीदार तयार करावा.

झुलत्या बकेटच्या रोटरमध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. बहुतेक बकेटांवर वजन किंवा क्रमांक कोरलेला असतो आणि त्या जोडीने जुळवलेल्या असतात. धुताना त्यांची अदलाबदल झाली की नळ्या कितीही तोलून ठेवल्या तरी तोल बिघडतो. दुसरे म्हणजे, चार बकेटांच्या रोटरमध्ये दोनच बकेट भरायच्या असल्या तरी उरलेल्या दोन रिकाम्या बकेट जागेवर असल्याच पाहिजेत. बकेट ज्या खुंट्यांवर झुलतात त्या कोरड्या पडल्या तर एखादी बकेट अर्ध्यावरच अडकते, म्हणून खुंट्या पुसून त्यांना उत्पादकाने सांगितलेले ग्रीस अगदी पातळ लावावे.

वेग वाढत असताना ठरावीक टप्प्यावर क्षणभर थरथर जाणवून पुढे यंत्र शांत होत असेल, तर ते स्वाभाविक आहे. थरथर वाढतच गेली तर मात्र यंत्र लगेच बंद करावे. ते सरकू नये म्हणून हाताने दाबून धरणे धोक्याचे आहे. टेबल भक्कम आणि सपाट असावे, यंत्राचे रबरी पाय चारही बाजूंनी टेकलेले असावेत आणि चालू यंत्राभोवती ३० सेंटिमीटरपर्यंत कोणतीही वस्तू किंवा माणूस असू नये.

प्रश्न : मी गावच्या दूध संकलन केंद्रावर गर्बर पद्धतीने, म्हणजे दुधात गंधकाम्ल मिसळून ते यंत्रात फिरवून, फॅट काढतो. नमुन्यांची संख्या विषम असली की आम्ही एका ब्युटिरोमीटरमध्ये (फॅट मोजण्याचे आकडे असलेल्या काचेच्या नळीत) पाणी भरून समोर ठेवतो. तरीही यंत्र धडधडते आणि मागच्या महिन्यात एक ब्युटिरोमीटर आतच फुटला. आमचे काय चुकते?
— संकलन केंद्राचा कर्मचारी, जि. सांगली

उत्तर : या प्रश्नाबद्दल आपले आभार मानले पाहिजेत, कारण सेंट्रिफ्यूज म्हटले की लोकांना केवळ रुग्णालये आठवतात आणि दूध संकलन केंद्रांवर रोज सकाळ-संध्याकाळ गंधकाम्ल घेऊन काम करणाऱ्यांचा विचार कोणी करत नाही.

पाण्याने तोल साधत नाही, याचे कारण आकडे मांडले की स्पष्ट दिसते. ब्युटिरोमीटरमध्ये १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल असते. गर्बरचे आम्ल पाण्याच्या सुमारे १.८ पट जड असल्यामुळे या मिश्रणाचे वजन जवळजवळ ३० ग्रॅम भरते. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन २२ ग्रॅमही भरत नाही. म्हणजे आठ ग्रॅमचा फरक राहिला. गर्बरचे यंत्र मिनिटाला सुमारे ११०० फेरे घेते आणि त्याचे बल ३५० जीच्या आसपास असते. या बलाला आठ ग्रॅमचा फरक पावणेतीन किलोंहून अधिक ओढ निर्माण करतो. यंत्र धडधडते ते त्यामुळे.

उपाय सोपा आहे. विषम नमुना उरला तर त्याच दुधाचा दुसरा ब्युटिरोमीटर भरावा. तोलही साधतो आणि त्या दुधाचे फॅट दोनदा पडताळूनही होते. एखाद्या दूध उत्पादकाने वाचनाबद्दल शंका घेतली तर हे दुसरे वाचन त्यालाही दाखवता येते. आम्ल वाचवायचे असेल तर एक ब्युटिरोमीटर कायमचा ‘तोलाचा’ म्हणून ठेवून त्यात मिठाचे पाणी आणि छर्रे घालून, भरलेल्या ब्युटिरोमीटरच्या वजनाशी काट्यावर जुळवून त्यावर ठळक खूण करावी.

ब्युटिरोमीटर फुटण्याची आणखी कारणे असतात. मानेजवळ चरा पडलेला किंवा तोंडाशी टवका उडालेला ब्युटिरोमीटर ‘अजून चालतो’ म्हणून वापरात ठेवला जातो. रबरी बूच जुने होऊन कडक होते आणि बाहेर सरकते. आम्ल आणि दूध नीट मिसळलेले नसते. मिश्रण करताना ब्युटिरोमीटर चांगला तापतो, म्हणून तो जाड कापडात गुंडाळून, बूच घट्ट दाबून धरून हलवावा. यंत्रात ठेवताना आकड्यांची बारीक नळी केंद्राकडे आणि बूच बाहेरच्या बाजूला असावे, कारण हलके असलेले फॅट केंद्राकडे सरकते. झाकण लावल्याशिवाय यंत्र फिरवू नये.

फुटलाच तर आधी वीज बंद करावी आणि यंत्र आपोआप थांबू द्यावे. गॉगल आणि जाड रबरी हातमोजे घालून सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा पसरावा, फेस येणे थांबेपर्यंत थोडा थोडा टाकत राहावे, मग काचा चिमट्याने उचलाव्यात आणि यंत्राचे आतील भांडे ओल्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसून कोरडे करावे. अंगावर आम्ल उडाले तर त्यावर सोडा लावू नये. नळाच्या वाहत्या पाण्याखाली ती जागा किमान पंधरा-वीस मिनिटे धरावी, आम्ल लागलेले कपडे काढून टाकावेत आणि डोळ्यात गेले असेल तर डोळा धुऊन लगेच दवाखाना गाठावा. यासाठी केंद्रावर यंत्राच्या जवळ पाण्याचा नळ असणे अगत्याचे आहे, आणि तो नसेल तर संस्थेच्या सचिवांकडे लेखी मागणी करावी.

प्रश्न : फिरत असताना आत रक्ताची नळी फुटल्याचा आवाज आला तर नेमके काय करावे? आमच्याकडे ताबडतोब झाकण उघडून पाहण्याची पद्धत आहे.
— रुग्णालयातील तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ही पद्धत आजपासून बंद करावी. नळी फुटली की रक्ताचे अतिसूक्ष्म तुषार यंत्राच्या भांड्यात तरंगत राहतात आणि झाकण उघडताच ते उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतात. यंत्र बंद करावे, ते पूर्ण थांबल्यावरही झाकण ३० मिनिटे तसेच राहू द्यावे आणि बाहेर ‘उघडू नये’ अशी पाटी लावावी. आवाज न येता नळी फुटली आणि झाकण उघडल्यावरच ते लक्षात आले, तर झाकण लगेच पुन्हा बंद करून तेवढाच वेळ थांबावे.

नंतर प्लग काढून, मास्क, गॉगल आणि जाड हातमोजे घालून काम करावे. काचेचे तुकडे चिमट्याने उचलावेत, हाताने कधीही नाही. बकेटच्या तळाशी असलेली रबरी गादी काढून तिच्यात रुतलेले कण पाहावेत. पुढची नळी बहुधा याच कणांमुळे फुटते. दूषित काच जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे निळी खूण असलेल्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी.

निर्जंतुकीकरणाबाबत मात्र सावध राहावे. प्रयोगशाळांमध्ये सर्व ठिकाणी सोडियम हायपोक्लोराइट वापरले जाते, पण ते अॅल्युमिनियमचे रोटर आणि बकेट कुरतडते. धातू न खाणारे आणि उत्पादकाने मान्य केलेले निर्जंतुकीकरण द्रव्य वापरावे. हायपोक्लोराइटखेरीज दुसरे काही हाताशी नसेल, तर ठरलेला वेळ ठेवून नंतर स्वच्छ पाण्याने दोनदा पुसावे आणि पूर्ण कोरडे करावे. ७० टक्के अल्कोहोलने भांडे पुसले असेल तर त्याची वाफ उडून जाईपर्यंत प्लग लावू नये, कारण कार्बन ब्रशच्या (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांच्या) मोटरमध्ये ठिणग्या पडतात. काच फुटल्यानंतर काही दिवस भांड्यात बारीक करडी धूळ दिसत राहिली, तर काचेचे कण अजून आत फिरून धातू घासत आहेत असे समजून पुन्हा पुसून काढावे.

हाताला काच लागली तर जखम दाबून रक्त काढत बसू नये. साबण आणि पाण्याने धुऊन तातडीने डॉक्टरांना कळवावे. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधे लागली तर ती शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावीत आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरता येत नाही.

क्षयरोगाच्या संशयित रुग्णाचा बेडका सीलबंद झाकणाच्या बकेट नसलेल्या यंत्रात फिरवूच नये. सीलबंद बकेटही जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच (जंतू बाहेर येऊ न देणाऱ्या कपाटातच) उघडाव्यात.

प्रश्न : आमच्या यंत्राचा झाकणाचा स्विच बिघडला आहे. वरिष्ठांनी त्यावर चिकटपट्टी लावून यंत्र चालू ठेवायला सांगितले आहे. ते योग्य आहे का?
— नाव न छापण्याची विनंती

उत्तर : नाही. १५ सेंटिमीटर त्रिज्येवर ३००० फेऱ्यांना बकेटचा तळ ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने फिरत असतो. त्या वेगाने फिरणाऱ्या धातूपासून आपली बोटे आणि ओढणी दूर ठेवणारी एकमेव वस्तू म्हणजे झाकण उघडे असताना यंत्र फिरू न देणारा हा स्विच आहे. स्विच बदलेपर्यंत यंत्रावर ‘बंद’ अशी चिठ्ठी लावावी आणि नमुने दुसरीकडे फिरवून घ्यावेत. लवकर उरकावे म्हणून थांबत आलेला रोटर हाताने थांबवण्याची सवयही तितकीच घातक आहे. शिवाय तसा झटका बसला की वेगळे झालेले थर पुन्हा मिसळतात.

प्रश्न : आमच्या विभागात अतिवेगवान सेंट्रिफ्यूजचा एक जुना अॅल्युमिनियम रोटर आहे. त्याच्या नळ्यांच्या खाचांमध्ये पांढरे ठिपके दिसतात. पूर्वीच्या नोंदी सापडत नाहीत. तो वापरावा का?
— संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : वापरू नये. अॅल्युमिनियमच्या रोटरवर ॲनोडायझिंगचा पातळ संरक्षक थर असतो. तारेच्या ब्रशने, तीव्र अल्कधर्मी साबणाने किंवा सांडलेल्या क्षारयुक्त द्रावणाने तो थर गेला की खालचा धातू गंजू लागतो. आपण म्हणता ते पांढरे ठिपके बहुधा तेच असावेत. क्लोराइड असलेली द्रावणे यात विशेष वाईट आहेत. गंजलेल्या जागी बारीक खड्डा पडतो, फिरताना सर्व ताण त्या खड्ड्याशी एकवटतो, आणि रोटर प्रत्येक वेळी वापरताना तिथली डोळ्यांना न दिसणारी भेग पुढे सरकते. रोटरचे आयुष्य उत्पादकाने वर्षांमध्ये आणि किती वेळा फिरवला यामध्ये ठरवून दिलेले असते. ज्याची नोंदवही हरवली आहे त्याचे किती आयुष्य उरले हे कोणालाच सांगता येणार नाही. उत्पादकाच्या अधिकृत तपासनिसाने लेखी परवानगी दिली तरच तो पुन्हा यंत्रावर चढवावा.

१६ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये (अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये) दुधाचे नमुने फिरत असताना रोटर फुटला. यंत्राचे संरक्षक कवच तुकड्यांना अडवू शकले नाही, खोलीतील सामानाची मोडतोड झाली आणि खिडक्यांच्या काचा फुटल्या. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. तो रोटर त्या मॉडेलच्या यंत्रासाठी उत्पादकाने मान्य केलेला नव्हता. दांड्यावर बसतो म्हणून दुसऱ्या यंत्राचा रोटर वापरणे आपल्याकडेही घडते, आणि त्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते.

नव्या रोटरबाबतही एक नियम पाळावा. रोटरवर कोरलेला कमाल वेग साधारणपणे १.२ घनतेपर्यंतच्या द्रावणासाठी असतो. त्याहून जड द्रावण असेल तर १.२ ला द्रावणाच्या घनतेने भागून त्याचे वर्गमूळ काढावे आणि कमाल वेगाला त्याने गुणावे. सिझियम क्लोराइडचे १.७ घनतेचे द्रावण असेल तर कमाल वेगाच्या ८४ टक्क्यांवर थांबावे लागते. काम संपल्यावर रोटर यंत्रात न ठेवता कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने धुवावा, झाकण काढून पालथा ठेवावा आणि पूर्ण सुकू द्यावा. नळ्याही पाहून निवडाव्यात : पॉलिकार्बोनेटच्या नळ्या फिनॉल आणि क्लोरोफॉर्मने विरघळतात किंवा तडकतात.

प्रश्न : यंत्राला जळका वास येतो आणि ते पूर्ण वेग घेत नाही. मोटर जळाली असेल का?
— प्रयोगशाळा चालक, कुडाळ

उत्तर : आधी कार्बन ब्रश तपासून घ्यावेत. ते झिजून आखूड झाले की ठिणग्या वाढतात, काळी भुकटी पडते, वास येतो आणि वेग उतरतो. प्लग काढून ब्रशचे टोपण उघडावे. ब्रश मूळ लांबीच्या एक तृतीयांशावर आला असेल तर दोन्ही ब्रश एकदमच बदलावेत. नवे ब्रश बसवल्यावर नळ्या न ठेवता यंत्र काही वेळ कमी वेगाने चालवावे, म्हणजे ब्रशचे टोक मोटरच्या गोलाईप्रमाणे घासून बसते. ब्रश ठीक असूनही वास येत असेल, किंवा वीज बंद केल्यावर रोटर हाताने फिरवताना खरखर जाणवत असेल, तर दोष बेअरिंगमध्ये किंवा मोटरच्या तारांच्या वेटोळ्यात आहे आणि तिथे अभियंताच हवा. कोकणातील दमट हवेत रात्री झाकण किंचित उघडे ठेवावे, पावसाळ्यात आतील भांडे रोज कोरड्या फडक्याने पुसावे आणि अर्थिंग वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.